मराठी टायपिंग आणि सुरक्षा आतच असलेला ब्राउझर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात निवृत्त आई-वडील आहेत, दोघांचेही वाचन-लेखन मराठीतच चालते, आणि आता बँकेची कामेही ते संगणकावर करू लागले आहेत. कुणीतरी त्यांना एक भारतीय ब्राउझर सुचवला आहे. त्यात मराठी टायपिंग, मराठी बातम्या, अँटिव्हायरस, जाहिराती अडवणे हे सगळे आतच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. तो द्यावा, की क्रोम-फायरफॉक्सवरच राहावे?

माझे उत्तर आधीच सांगतो. 'भारतीय' आणि 'सगळे आतच' या दोन शब्दांवर निर्णय घेऊ नका. दोन गोष्टी तपासा. आई मराठीत टाइप करते तेव्हा ती अक्षरे तिच्या संगणकाबाहेर जातात का? आणि ब्राउझरच्या इंजिनात, म्हणजे पाने वाचून दाखवणाऱ्या त्याच्या गाभ्यात, सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती तिच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचते? दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर तो ब्राउझर जरूर द्या. नसतील तर क्रोम किंवा फायरफॉक्स मराठीत करून द्या आणि टायपिंगसाठी विंडोजचाच कीबोर्ड वापरा. सॉफ्टवेअर मराठीत आणणे आणि छोट्या संस्थांचे संगणक सांभाळणे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करतो आहे. भाषेची सोय एका खात्याची आणि सुरक्षा दुसऱ्या खात्याची, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ही दोन्ही खाती एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

असा ब्राउझर काढण्याची कल्पना जुनी आहे. जुलै २०१० मध्ये बेंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने 'एपिक' नावाचा ब्राउझर आणला. भारतीयांसाठी खास बनवलेला पहिला ब्राउझर म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. फायरफॉक्सच्या मुक्त संहितेवर (सर्वांना खुल्या असलेल्या कोडवर) तो उभा होता. बाजूच्या पट्टीत बारा भारतीय भाषांमध्ये लिहिण्याची सोय होती, भारतीय चित्रांची सजावट होती, आणि अँटिव्हायरस आतच बसवलेला होता. तुमच्या आई-वडिलांना आज जे सुचवले गेले आहे, जवळजवळ तेच. त्या काळात त्याचे महत्त्व होते हे मी मनापासून सांगतो, कारण तेव्हा संगणकावर मराठी लिहिणे म्हणजे खरोखरच खटाटोप होता. विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि वर मूळ सीडी घालावी लागे. अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसत, आणि काही पाने तर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडत. अशा वेळी टायपिंगची पट्टी हाताशी देणारा ब्राउझर अनेकांना आधार वाटला.

पुढे काय झाले तेही पाहा. २०१३ साली एपिकने फायरफॉक्सचा पाया सोडून क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो मुक्त पाया, घेतला, आणि खाजगीपणा जपणारा ब्राउझर असे नवे रूप धारण केले. आधीची बहुतेक सजावट आणि जोडसोयी गेल्या. माझ्या मते असे होणे अटळ होते. २०११पासून फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येऊ लागल्या, क्रोमच्या तर आधीपासूनच येत होत्या. दुसऱ्याच्या इंजिनावर स्वतःच्या वीस सोयी चढवल्या की प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्या वीसही पुन्हा तपासाव्या लागतात. छोट्या चमूला हे झेपत नाही. मग एक तर सोयी मागे पडतात, नाही तर दुरुस्त्या मागे पडतात, आणि दुरुस्त्या मागे पडल्या तर वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे दुरुस्ती म्हणजे किती गंभीर बाब असते, याचे एक उदाहरण देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराचे वाचन करणाऱ्या एका छोट्या संहितेत त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेले एखादे चित्र पानावर असेल, तर नुसते ते पान उघडल्यानेही हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकत होती, आणि तिचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झालेला होता. गूगलने ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती काढली, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची आली. पण तीच संहिता क्रोमियमवर बेतलेल्या प्रत्येक ब्राउझरमध्येही होती. ज्यांनी त्याच आठवड्यात दुरुस्ती उचलली त्यांचे वापरकर्ते सुटले. ज्यांना महिना लागला, त्यांचे वापरकर्ते महिनाभर उघडे राहिले, तेही जगजाहीर झालेल्या त्रुटीसमोर. या काळात आतला अँटिव्हायरस, हिरवी ढाल, 'तुम्ही सुरक्षित आहात' ही मराठीतली पाटी यांपैकी कशानेही ती वाट बुजत नाही.

हे तपासायला तज्ज्ञ असावे लागत नाही. क्रोमियमवर बेतलेल्या ब्राउझरच्या 'विषयी' किंवा 'अबाउट' पानावर बहुधा क्रोमियमचा आवृत्ती-आकडा लिहिलेला असतो. त्यातला पहिला आकडा बघा आणि शेजारी अद्ययावत क्रोम उघडून त्याचा पहिला आकडा बघा. २०२१पासून क्रोमची मुख्य आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी पुढे सरकत आली आहे. एखादा आकडा मागे असेल तर चालेल, काही कंपन्या जाणीवपूर्वक एक आवृत्ती मागे राहून सुरक्षा-दुरुस्त्या तेवढ्या उचलतात. पाच-सहा आकडे मागे असेल तर तो ब्राउझर बँकेसाठी वापरू नका, मग तो कुठल्याही देशात बनलेला असो. आकडा कुठेच सापडत नसेल, तर ती गोष्टही माझ्या लेखी त्याच्या विरोधातच जाते.

आतल्या अँटिव्हायरसबद्दल फार लिहीत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच आणि घरगुती वापराला तो पुरतो. ब्राउझरची खरी सुरक्षा वेगळ्या ठिकाणी असते. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या कप्प्यात ठेवणे, जे क्रोमने २०१८ साली संगणकावर सर्वांसाठी सुरू केले. फसव्या पत्त्यांची यादी सतत ताजी ठेवणे. डाउनलोड झालेली फाइल उघडण्याआधी अडवणे. ही कामे इंजिनातच होतात आणि ती फुकट मिळतात. उलट काही सुरक्षा-सॉफ्टवेअर ब्राउझर आणि बँक यांच्या मधे उभी राहून कूटबद्ध (वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून गुंडाळलेला) मजकूर उलगडून तपासतात. तसे काही तुमच्या ब्राउझरमध्ये असेल तर ते बंद करा. बँकेचा मजकूर बँक आणि तुमचा ब्राउझर या दोघांनीच वाचावा.

आता टायपिंगकडे येतो. माझ्या दृष्टीने हीच या प्रश्नातली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे.

संगणकावर 'नमस्कार' देवनागरीत उमटवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत नियम संगणकातच असतात. अमुक कळ दाबली की अमुक अक्षर, बाहेर काही जात नाही. विंडोजचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असा आहे. मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे चाललेली 'गमभन'ही याच जातीची, तिचे काम ब्राउझरमध्येच उरकते. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही टाइप केलेला प्रत्येक शब्द दूरच्या सर्व्हरकडे जातो, तिथून पर्यायी शब्दांची यादी येते आणि तुम्ही त्यातला एक निवडता. ही पद्धत सुखाची आहे, चुका समजून घेते, म्हणून लोकांना आवडते. पण याचा अर्थ असा की आईने बहिणीला लिहिलेले पत्र, डॉक्टरांना सांगितलेली तक्रार, शोधपेटीत घातलेला आजाराचा शब्द, हे सारे शब्द-शब्द करून तिसऱ्याच कुणाकडे जाते. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण मजकूर त्या पानापर्यंत पोहोचण्याआधीच वेगळ्या वाटेने बाहेर पडलेला असतो.

हा धोका कल्पनेतला नाही. २०१५ साली टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने यूसी ब्राउझर तपासला. तेव्हा भारतात तो प्रचंड लोकप्रिय होता, आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीतून शोधलेले शब्द कूटबद्ध न होता जात असल्याचे त्यांना आढळले. पुढे जून २०२०मध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत तोही होता. एप्रिल २०२४मध्ये त्याच संस्थेने चिनी भाषेच्या कीबोर्ड-ॲपचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व्हरवरून शब्द सुचवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये अशा त्रुटी निघाल्या की वाटेत बसलेला माणूस टाइप केलेली अक्षरे वाचू शकला असता. चिनी लिहिणाऱ्यांना रोमनमधून आपल्या लिपीत यावे लागते, आपल्यातल्या पुष्कळांचे तसेच आहे. म्हणून तो अभ्यास मला आपल्याविषयीच वाटतो.

शुद्धलेखन-तपासणीचेही असेच. क्रोममधली साधी तपासणी संगणकातल्या शब्दकोशावर चालते, 'वर्धित' तपासणी मजकूर गूगलकडे पाठवते. २०२२ साली सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले की वर्धित तपासणी चालू असताना अर्जातला मजकूर तर जातोच, पण 'पासवर्ड दाखवा' हे बटण दाबले तर पासवर्डसुद्धा जाऊ शकतो. भाषांतर आणि बोलून लिहिणे यांनाही हाच प्रश्न विचारा. क्रोम पानाचे भाषांतर करतो तेव्हा पानावरचा मजकूर गूगलकडे जातो. बातमीचे पान असेल तर काहीच बिघडत नाही, मी स्वतः ती सोय आनंदाने वापरतो. बँकेचे खातेउतारे किंवा दवाखान्याचा अहवाल उघडलेला असताना मात्र ते बटण दाबायचे नाही, हे आई-वडिलांना एकदा समजावून सांगा. फायरफॉक्सने २०२३पासून भाषांतर संगणकातच करण्याची सोय आणली आहे आणि ही दिशा मला सर्वांत योग्य वाटते. त्यात उपलब्ध असलेल्या भाषांची यादी सेटिंग्जमध्येच दिसते.

मग नव्या ब्राउझरच्या टायपिंगची परीक्षा कशी घ्यायची? अगदी सोपी आहे. पान उघडे ठेवा, वाय-फाय बंद करा आणि त्यांच्या पट्टीत मराठी लिहून बघा. अक्षरे उमटत राहिली तर नियम संगणकात आहेत. उमटणे थांबले, किंवा रोमनच राहिले, तर तुमचे शब्द बाहेर जात होते. इथेही एक खाच आहे: काही साधने जाळे नसताना घरातल्या शब्दकोशावर चालतात आणि जाळे आले की पुन्हा सर्व्हरकडे वळतात. म्हणून गोपनीयता-धोरणात 'टायपिंग', 'सूचना', 'सुधारणा' हे शब्द शोधून तेवढे परिच्छेद वाचा. धोरण फक्त इंग्रजीत असेल, तर मराठी वाचकांसाठी बनवलेल्या ब्राउझरकडून हे मला अजिबात पटत नाही.

माझा सल्ला असा की टायपिंग ब्राउझरवर सोपवूच नका. विंडोज १०च्या २०१९ सालच्या मे महिन्यातल्या अद्यतनापासून मराठीचा ध्वनी-आधारित कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे लिहायचे, देवनागरी उमटते. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो निवडता येतो, आणि तो ब्राउझरमध्ये, वर्डमध्ये, सगळीकडे सारखाच चालतो. पूर्वी गूगलचे विंडोजसाठीचे इनपुट-साधन खूप वापरले जाई. ते आता गूगलकडून मिळत नाही, तरी त्याच्या नावाने फाइली वाटणारी संकेतस्थळे आहेत. तिथून काहीही उतरवून घेऊ नका, मूळ कंपनी जे देत नाही ते तिऱ्हाइताकडून घेण्यात धोकाच आहे.

आणि पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. कल्पना आकर्षक आहे, पण एकच दिसणारे अक्षर आत वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले असू शकते. 'ऱ' हे एक चिन्ह म्हणून साठवता येते, किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक यादीत, २००८ साली आले. त्याआधीची सवय असलेली साधने 'अ'वर चंद्र चढवून तेच दृश्य घडवतात. फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चालत नाही याचे कारण बरेचदा इतके बारीक असते, आणि बिचारा माणूस आपलीच आठवण चुकली असे समजतो.

यावरूनच मराठी नीट हाताळले जाते की नाही याची परीक्षाही घेता येते. 'दऱ्या', 'ऱ्हस्व', 'हृदय', 'स्त्री', 'ॲप' आणि 'ज्ञानेश्वर' हे शब्द त्या ब्राउझरमध्ये लिहा. 'दऱ्या'तला आडवा अर्धा र नीट आला पाहिजे, त्याचा रफार होऊन 'दर्या' झाले तर अर्थच बदलला. मग पानावर शोधण्याच्या खिडकीत तोच शब्द घालून बघा. मराठी पानांवर हा अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवलेला आढळतो. चांगला ब्राउझर दोन्ही शोधून देतो, कच्चा ब्राउझर डोळ्यांसमोर असलेला शब्द 'सापडला नाही' म्हणून सांगतो. भाषांच्या यादीत मराठी सर्वांत वर ठेवा. पुष्कळ संकेतस्थळे ब्राउझरने सांगितलेल्या भाषेकडे बघून पान निवडतात, आणि मराठी खाली राहिली की हिंदी किंवा इंग्रजी समोर येते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसावेत असे वाटत असेल तर पानाने स्वतःची भाषा मराठी म्हणून सांगितलेली असावी लागते आणि फॉन्टमध्ये ती रूपे असावी लागतात. ब्राउझर तिथे फक्त मधला दुवा आहे.

अक्षरे दाखवण्याच्या कामातही सुरक्षा येते, हे सहसा कुणी सांगत नाही. आपली लिपी मांडणे अवघड काम आहे: वेलांटी आधी काढायची, रफार पुढच्या अक्षरावर न्यायचा, जोडाक्षर घडवायचे. ही आकडेमोड करणाऱ्या संहितेत चूक राहिली तर नुसता मजकूरही यंत्र पाडू शकतो. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या 'ज्ञा' या जोडाक्षराच्या एका रूपाने आयफोनवरची ॲप बंद पडत होती. संदेशात ते अक्षर आले की झाले. ॲपलला त्यासाठी खास अद्यतन काढावे लागले. ऑक्टोबर २०२०मध्ये फॉन्ट वाचणाऱ्या फ्रीटाइप या संहितेतली त्रुटी वापरून क्रोमवर प्रत्यक्ष हल्ले झाले, तेव्हाही तातडीची दुरुस्ती निघाली. सुंदर मराठी फॉन्ट देणारा, पण जुन्या इंजिनावर चालणारा ब्राउझर म्हणूनच मला दुहेरी काळजीचा वाटतो.

साध्या फोनच्या दिवसांतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २०१०च्या आसपास अनेक फोनना देवनागरी दाखवताच येत नसे, सगळे चौकोन दिसत. त्यावर ऑपेरा मिनीत एक युक्ती होती: त्याच्या छुप्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरा, असा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर मजकुराचे चित्र करून फोनवर पाठवी आणि मराठी वाचता येई. असंख्य लोकांनी मराठी संकेतस्थळे पहिल्यांदा वाचली ती अशी. पण त्यासाठी पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उलगडले जाई, म्हणजे बँकेपासून फोनपर्यंतचा मजकूर सलग कूटबद्ध राहत नसे. कंपनीने हे लपवले नव्हते. तेव्हा तो सौदा पटण्यासारखा होता, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज फोनला देवनागरी येते, म्हणून 'डेटा बचत' म्हणून पाने स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवणाऱ्या ब्राउझरला मी बँकेच्या कामासाठी नाही म्हणतो.

आता पत्त्याची पट्टी. फसवणूक बहुतेक वेळा इथेच ओळखता येते, आणि मराठी वाचणाऱ्या ज्येष्ठांना हेच नीट शिकवले जात नाही. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे, हे चुकीचे आहे. ते चिन्ह फक्त मजकूर वाटेत कुणी वाचत नाही एवढेच सांगते. त्यासाठी संकेतस्थळाला लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते, भामट्यालाही मिळते. म्हणूनच क्रोमने २०२३ साली ते कुलूप काढून टाकले. वाचायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचे शब्द असतात तेच खरे नाव. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव शेवट सुरू केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत तिकडे जाण्यास बँकांना सांगितले. तो फक्त बँकांनाच मिळतो. आई-वडिलांना एवढे एक लक्षात ठेवायला सांगा: बँकेचे पान म्हणजे शेवटी 'डॉट बँक डॉट इन'. तसेच सरकारी कामासाठी 'डॉट गव्ह डॉट इन'. सातबारा पाहायचा तर 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'. सातबाऱ्याच्या आणि सरकारी योजनांच्या नावाने केलेली, अगदी शुद्ध मराठीत लिहिलेली नकली पाने भरपूर आहेत. भाषा ओळखीची असली की माणूस सैल होतो, आणि भामट्यांना हे चांगले ठाऊक आहे.

देवनागरी पत्तेही आहेत. 'डॉट भारत' २०१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि त्यात मराठी नावे घेता येतात. आतून ती नावे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात नोंदलेली असतात, ब्राउझर ती उलगडून देवनागरीत दाखवतो. हे दाखवणे जबाबदारीचे काम आहे. २०१७ साली एका संशोधकाने सिरिलिक (रशियन लिपीतल्या) अक्षरांचा पत्ता घेऊन तो हुबेहूब ॲपलच्या पत्त्यासारखा दिसतो हे दाखवले, तेव्हा क्रोमला नियम कडक करावे लागले. देवनागरीतही 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ड' आणि 'ङ' बारीक अक्षरांत चटकन वेगळे कळत नाहीत. ज्येष्ठांसाठी ब्राउझरमधील मजकूर मोठा करून द्या आणि संशय आला तर पत्ता नक्कल करून मोठ्या अक्षरांत चिकटवून बघायला शिकवा.

भारतीय ब्राउझरचा विषय निघाला की सरकारी स्पर्धेचा उल्लेख होतो, म्हणून तेही सांगतो. ऑगस्ट २०२३मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, एकूण बक्षीस ३ कोटी ४१ लाख रुपये. मार्च २०२५मध्ये निकाल लागला आणि झोहोच्या चमूला एक कोटीचे पहिले बक्षीस मिळाले. त्यांचा 'उला' हा ब्राउझर आधीच, २०२३पासून उपलब्ध आहे आणि तोही क्रोमियमवरच बेतलेला आहे. क्रोमियमवर असण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. स्वतःचे इंजिन लिहिणे आज मोठमोठ्या कंपन्यांनाही परवडत नाही.

त्या स्पर्धेची एक अट मात्र समजून घेण्यासारखी आहे. ब्राउझरमध्ये भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचे, म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी यंत्रणेचे, मूळ प्रमाणपत्र विश्वासू म्हणून असावे आणि डिजिटल सहीची सोय असावी, अशी ती अट. सहीच्या बाजूने हे फार हवेसे आहे. निविदा, कंपनी-नोंदणी अशा कामांत यूएसबी टोकनने सही करताना लोकांनी किती जुनी साधने जिवंत ठेवली आहेत हे मी रोज पाहतो. पण मूळ प्रमाणपत्र म्हणजे कुठल्याही संकेतस्थळाच्या खरेपणाची ग्वाही देण्याचा अधिकार. जुलै २०१४मध्ये या नियंत्रकाच्या साखळीतल्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत ही साखळी असल्याने विंडोजवरच्या अनेकांना धोका होता. फायरफॉक्सची यादी वेगळी होती आणि त्यात ती नव्हती, म्हणून त्याला झळ लागली नाही. नंतर क्रोमने त्या साखळीवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता मर्यादित केला. माझे मत असे की भारताचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र असावेच, पण निघालेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत दिसले पाहिजे, जसे क्रोम २०१८पासून सगळ्यांकडून मागतो. स्वदेशी ब्राउझर निवडताना तो ही नोंद तपासतो का, हे कंपनीला लिहून विचारा. उत्तर देणारी कंपनी विश्वासाला अधिक पात्र.

शेवटी आई-वडिलांच्या संगणकावर नेमके काय करायचे ते. ब्राउझरची भाषा मराठी करा, नुसता मेनू नव्हे तर धोक्याच्या सूचनाही मराठीत येतात का हे पाहा. त्यासाठी 'बॅडएसएसएल डॉट कॉम' हे मुद्दाम बिघडवलेल्या प्रमाणपत्रांचे चाचणी-संकेतस्थळ आहे. तिथला मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा दुवा उघडा. समोर येणारी सूचना आईला वाचून समजली, तर तो ब्राउझर तिच्या भाषेत आहे असे मी मानेन. मेनू मराठी आणि सूचना इंग्रजी असे असेल, तर जिथे खरी गरज होती तिथेच भाषा दिलेली नाही. मी नेहमी पाहतो की इंग्रजी सूचना आली की माणसे न वाचता जे बटण मोठे असेल ते दाबतात. मराठीत आली तर थांबतात, निदान कुणाला तरी फोन करतात. सुरक्षेत भाषेचा सर्वांत मोठा उपयोग मला हा वाटतो.

बँकेसाठी एक वेगळा ब्राउझर ठेवा, त्यात एकही एक्स्टेंशन (वरून बसवलेली जोडसोय) नको, आणि बँकेचा पत्ता खुणेत (बुकमार्कमध्ये) साठवून द्या, म्हणजे तो शोधून उघडायची वेळच येणार नाही. वाचनासाठी दुसरा ठेवा. त्यांना तो भारतीय ब्राउझर आवडला असेल आणि वरच्या चाचण्यांत उतरला असेल, तर वाचनासाठी तोच असू दे. पासवर्ड ब्राउझरलाच जतन करू द्या. नकली पत्त्यावर तो जतन केलेला पासवर्ड आपोआप भरत नाही, आणि आईला सांगून ठेवा की पासवर्ड आपोआप आला नाही तर हाताने न भरता आधी तुम्हाला फोन करायचा. संगणक अजून विंडोज ७ वर असेल तर ब्राउझरची चर्चा बाजूला ठेवा: क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती होती, तीही २०२३च्या सुरुवातीची. त्या यंत्रावर बँक उघडूच नका. आणि फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक लगेच लावायचा. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता बरीच असते. हा आकडा संगणकाच्या पडद्याला चिकटवून ठेवा.